मिंगेलबाबांचे दात पडण्याआधी

आवाज नीट असला की साउंडवाल्याकडे कुणी बघत नाही. शिटी वाजली की मात्र अख्खा मंडप माना वळवून मागे बघतो, आणि त्या बघण्यात 'हाच तो' असा भाव असतो. माझं सगळं आयुष्य या नजरा खाण्यात गेलं. कारापूरला घर, साखळीच्या बाजारात दुकान, दुकानाच्या पाटीवर माझं नाव आणि खाली 'साउंड सर्व्हिस'. तरी लोक मला 'लाउडस्पीकरवालो गुरू' असंच म्हणतात. पूर्वी राग यायचा. आता दुकान मुलाकडे सोपवल्यावर तो रागही त्याच्याकडेच गेला आहे.

ही शिटी काय असते, ते आधी सांगतो. माईक जे ऐकतो ते स्पीकर मोठ्याने ओरडतो. स्पीकर ओरडला की तेच माईक परत ऐकतो, आणि स्पीकर त्याहून मोठ्याने ओरडतो. दोन शेजारणींचं भांडण वाढतं तसंच हे. मध्ये पडून एकीला थोडं गप्प करायचं, एवढंच आमचं कसब. बाकी वायरी ओढणं, खोके उचलणं आणि जेवायच्या पंक्तीत शेवटी बसणं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार भेटली. वाळपईला एका लग्नात नवरीच्या बापाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरू, आवाज असो लाय की पल्याडच्या वाड्यार म्हज्या भावाक आयकूंक येवंक जाय." भावाला आमंत्रण नव्हतं, जमिनीवरून वाद होता. मी दोन भोंगे त्या दिशेला फिरवले. मंगलाष्टकं संपली तेव्हा भाऊ बायकामुलांसकट मांडवात हजर. म्हणाला, "इतकें सगळें आयकल्या उपरांत जेवल्याबगर कशें रावप?" दोघे भाऊ आज बोलतात, आणि ते श्रेय मी कुणालाही देणार नाही.

पेडण्याकडच्या एका दशावतारात राक्षसाचं काम करणारा गडी प्रत्येक डरकाळीला वर टांगलेल्या माईकवर गदा हाणायचा. माईक वर घेतला तर तो उडी मारायला लागला. शेवटी मी माईकच्या जागी रिकामा डबा टांगला आणि खरा माईक पेटीवाल्यामागे लपवला. राक्षसाने रात्रभर तो डबा बडवला. तो खूश आणि माझा माईक शाबूत.

पण दिवाळी अंकात लिहायचं तर मी मिंगेलबाबांच्या रेकॉर्डबद्दलच लिहीन, असं केव्हाच ठरवून ठेवलं होतं. कारण त्या कामात माझ्या सगळ्या विद्येचं खोबरं झालं, आणि तेच माझं सगळ्यात चांगलं काम ठरलं.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानात एक उंच म्हातारा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. म्हणाला, "तूं गुरू? भजनाचीं रेकॉर्डिंगां करता तो?"

मी होय म्हटलं. भजनस्पर्धांच्या कॅसेटी मी पुष्कळ केल्या होत्या.

"जॅझ केलां?"

"ना. पूण माईकाक कितें वाजता तें कळना. तो सगळेंच घेता."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. ते माझ्या अगदी जवळ आले, आ केला आणि वरचे पुढचे दोन दात जिभेने ढकलून दाखवले. दोन्ही दात दारासारखे आतबाहेर हलले. मला वाटलं, पत्ता चुकला. म्हटलं, "बाब, दातांचो डॉक्टर वयल्या माळ्यार."

"डॉक्टर म्हजो म्हापशां आसा," ते म्हणाले. "तो म्हणटा काडूंक जाय. हांवें म्हळें, रेकॉर्ड जातकच काड."

मग खुर्चीवर बसून त्यांनी मला समजावलं. सॅक्सोफोन नुसत्या ओठांनी वाजत नाही. वरचे दात त्या वाद्याच्या तोंडावर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, आणि मग फुंकायचं. आयुष्यभर याच दोन दातांवर त्यांचा सूर उभा होता. ते गेले की कवळी, आणि कवळीवर सगळं पहिल्यापासून. पंचाहत्तरीत कोण पहिल्यापासून सुरू करणार? डॉक्टरने औषध देऊन रेकॉर्ड होईपर्यंत थोडी मुदत दिली होती.

"हांवें हॉटेलांत वाजयलें, लोक जेवताले," मिंगेलबाब म्हणाले. "बोटीर वाजयलें, लोक वोंकताले. मुंबयत सिनेमाच्या गाण्यांनी वाजयलें, थंय म्हजें नांवच ना. एक रेकॉर्ड म्हज्या नांवान जाय, गुरू. आनी तातूंत आयकूंक म्हूण आयिल्ले मनीस आसूंक जाय."

म्हणजे स्टुडिओच्या काचेच्या पेटीत नको, समोर माणसं बसलेली हवीत. यालाच लाइव्ह म्हणतात. त्यात चुकलं तर चुकलेलंच राहतं. मी हो म्हणून बसलो. नंतर घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दात पडले जाल्यार दोस तुज्यार येतलो."

बँडमध्ये चौघे होते. मिंगेलबाब कामुर्लीचे. ड्रम वाजवणारा कायतान, जो बोलतानाही मांडीवर ठेका धरायचा. बेस गिटारवाला पेद्रू, जो बोलायचाच नाही. आणि आमच्या डिचोलीचे वसंतराव, खाण कंपनीतून निवृत्त झालेले. ते एका हाताने कीबोर्ड आणि दुसऱ्या हाताने पायपेटी वाजवायचे. चौघेही तरुणपणी मुंबईत एकत्र होते. चौघांची वयं बेरजेला घेतली तर पोर्तुगीज राजवटीचा अर्ध्याहून जास्त काळ त्यात सहज बसला असता.

त्यांचं वाजवणं मी सरावाला ऐकलं, तेव्हा मला जे कळलं ते असं. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेक जण त्या चालीच्या अंगणातून बाहेर पडतो, वाटेल तिकडे फिरतो आणि घरी येतो. तो फिरून येईपर्यंत बाकीचे दिवा लावून बसलेले असतात. आपल्याकडे बुवा अभंग आळवतात तसंच. त्यात यांनी धालो या बायकांच्या नाचाचा ठेका आणि फुगडीची लय घातली होती, आणि या मिसळीला ते फ्यूजन म्हणत. सगळ्यात सुंदर चाल मिंगेलबाबांची होती. कामुर्लीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना त्यांना ती सुचली, म्हणून तिचं नाव 'फेरी'. ती शेवटी वाजवायची ठरली, कारण तिच्यात दातांवर सगळ्यात जास्त भार येत होता.

जागा वसंतरावांनी शोधली. तुयेच्या अलीकडे त्यांच्या बहिणीच्या गावात नाट्यमंडळाचा मंडप होता, लाकडी छताचा. लाकूड आवाजाला गोड करतं. संध्याकाळची वेळ ठरली. मंडळाचे सचिव उल्हास यांनी बाहेर फळ्यावर लिहिलं, 'भव्य संगीत जलसा'. त्यामुळे गावातली नाट्यसंगीताची शौकीन मंडळी झाडून आली. औद्योगिक वसाहतीतले कामगारही पाळी सुटल्यावर थेट आले. त्यांत कोल्हापूरकडचा मारुती म्हणून एक होता, गावाकडे भजनात टाळ वाजवणारा. तो पहिल्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसला.

मी सगळीकडे माईक लावले, वायरी चिकटवल्या, आणि मग पहिलं संकट माझ्या लक्षात आलं. पंखे. डोक्यावर जुने पंखे घरघरत होते आणि ती घरघर माझ्या मशीनमध्ये उतरत होती.

"पंखे बंद करूचे लागतले," मी उल्हासना म्हटलं.

"पंखे बंद? ह्या गरम्यात? लोक हंयच मरतले आणि तुजा रेकॉर्ड जातला तेराव्याचा!"

शेवटी तडजोड झाली. पंखे बंद, पण लोकांना वारा घ्यायला जुनी वर्तमानपत्रं वाटली. सगळा मंडप वर्तमानपत्रं फडफडवू लागला. हेडफोनमध्ये ऐकलं तर माळावर कबुतरांचा थवा उतरल्यासारखं वाटत होतं. पंख्यांची घरघर निदान एका सुरात होती. पण आता परत सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरं संकट गाऱ्हाण्याचं. कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्या मंडपात सुरू होत नाही. गावकर नारळ घेऊन उभे राहिले. वसंतरावांनी चांगुलपणा करून त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

"बा देवा म्हाराजा, गावच्या राखणदारा! आज हे चार जाणटे तुज्या मांडार वाजवूक इले हत. त्येंच्या वाद्यांक, वायरींक, लायटीक खंयचो अडथळो येयत तर तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला. माझ्या मशीनचे काटे पार शेवटाला जाऊन आपटले.

"आणि ह्या मिंगेलबाबाचे वयले दोन दात हलतत! ते कार्यक्रम सपासर थारार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मिंगेलबाबांनी ही गोष्ट स्वतःच्या मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. ती समोरच बसली होती. त्यांनी वसंतरावांकडे एकदा बघितलं, मग कपाळाला, छातीला आणि खांद्यांना हात लावून खुरीस काढला आणि सॅक्सोफोन उचलला. पुढे रेकॉर्डची सुरुवात या गाऱ्हाण्यानेच करायची असं त्यांनीच ठरवलं. म्हणाले, इतक्या माणसांनी आपल्या दातांसाठी प्रार्थना केलेली परत कधी मिळायची?

पहिली चाल सुरू झाली. पेद्रूचा बेस संथ चालला होता, वसंतरावांची पेटी त्यावर तरंगत होती, आणि तेवढ्यात बाहेरून पोंय पोंय, पोंय पोंय. पाववाला पोदेर सायकलवरून आला होता. संध्याकाळचे उंडे घेऊन तो त्याच वेळी त्याच वाटेने रोज येतो, त्याला जलसा कोण सांगणार? चार बायका उठून पाव घ्यायला गेल्या. मी कपाळाला हात लावला, पण मिंगेलबाबांनी सॅक्सवर तोच पोंय पोंय सूर उचलला आणि त्याला असा फिरवला की पोदेर दारात येऊन उभा राहिला. त्याने परत एकदा हॉर्न दाबला. मिंगेलबाबांनी परत उत्तर दिलं. हे चांगलं जमलं होतं, आणि मंडपात कुणाच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही.

तीच तर पंचाईत होती. जॅझमध्ये एकाचं फिरणं संपून तो घरी आला की लोक टाळ्या वाजवतात, चाल चालू असली तरी. त्यावरच वाजवणारा चढतो. इथे मिंगेलबाब घामाघूम होऊन थांबले आणि समोर नुसती वर्तमानपत्रं हलत होती. दुसऱ्या चालीला तेच. कायतानचा चेहरा पडला. मिंगेलबाब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "गुरू, हॉटेलांत निदान काटे तरी वाजताले."

मी उल्हासना गाठलं. ते म्हणाले, "टाळयो? मधीच? गवई गाता आसताना टाळयो मारतत ती काय माणसां? आमच्या गावात शिस्त आसा."

म्हणजे ही शांतता आदराची होती. पण रेकॉर्डवर आदर ऐकू येत नाही. मग मी माझ्या अधिकाराबाहेरची गोष्ट केली. माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "मंडळी, सॅक्सोफोन थांबला की टाळ्या वाजवायच्या."

गावात शिस्त होतीच. तिसरी चाल सुरू झाली. मिंगेलबाबांनी सहा-सात सूर वाजवले आणि श्वास घ्यायला ते क्षणभर थांबले. कडाड टाळ्या! त्यांनी दचकून पुढचे सूर घेतले, परत श्वास घेतला, परत टाळ्या. माणूस श्वास घेतो आणि दोनशे लोक त्याचं कौतुक करतात, असं मी दवाखान्यातसुद्धा पाहिलेलं नाही. टाळ्या चुकवायला ते श्वास लांबवू लागले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. कायतानला हसू आवरेना, त्याच्या हातातली काठी सुटून मारुतीच्या डब्यावर पडली. मारुतीने ती पुसून परत दिली. "घ्या दादा, तुमचं चालू द्या."

ती चाल गेली, पुढचीही तशीच गेली. प्रत्येक चालीबरोबर मिंगेलबाब गाल चाचपून बघत होते. त्यांच्या मुलीने दुरून मला खूण केली, पुरे आता. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. दात आज जातील आणि रेकॉर्डवर राहतील फक्त माझ्या टाळ्या, असं वाटलं. मी परत माईक घेतला. "मंडळी, माझं चुकलं. टाळ्या नकोत. मनाला येईल तसं करा."

"आता नक्की ठरवा काय ता," मागून कुणीतरी म्हणालं.

मग 'फेरी'. हिच्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. सुरुवातीला ड्रमवर कायतानचे नुसते ब्रश, पाणी धक्क्याला लागतं तसे. मग सॅक्स. मिंगेलबाब चाल सोडून बाहेर पडले आणि इतक्या दूर गेले की वसंतराव पेटीवरचा हात उचलून नुसते बघत राहिले. वर्तमानपत्रं कधी थांबली ते मला कळलंच नाही. हेडफोनमध्ये मंडप इतका गप्प झाला होता की छताचं लाकूड करकरलेलं ऐकू येत होतं. ते फिरून घरी आले, चाल संपली.

"वन्स मोअर!"

हा आवाज आबांचा. आबा म्हणजे त्या मंडळाचे जुने गायक नट, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आलेले. त्यांच्यापाठोपाठ सगळा मंडप ओरडू लागला. वन्स मोअर! वन्स मोअर!

तिथे एक रीत आहे, ती सांगितली पाहिजे. त्या मंडपात वन्स मोअर नाकारत नाहीत. आबा स्वतः एकदा स्टेजवर मेल्यावर वन्स मोअर मिळाला म्हणून उठले, पद पुन्हा म्हटलं आणि पुन्हा त्याच जागी जाऊन मेले. आणि वन्स मोअर म्हणजे तेच पद, त्याच ताना. नवं काही नाही.

मिंगेलबाब आनंदाने उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि 'फेरी' पुन्हा सुरू केली. पण बाहेर पडल्यावर ते दुसऱ्याच वाटेने निघाले, कारण तीच त्यांची रीत. आबांनी काठी आपटली.

"ह्या न्हय! आदला! आदला वाजवा!"

वाजवणं थांबलं. मिंगेलबाब गोंधळले. "सेम? सेम कशें वाजोवप? तें गेलें."

"गेला खंय? आताच तर हंयसर होता!"

"बाब, हांवें किदें वाजयलें तें म्हाकाच खबर ना."

हे ऐकून मंडपात खळबळ झाली. आपण काय वाजवलं हे ज्याला माहीत नाही तो कसला कलाकार? उल्हास पुढे आले आणि गावातर्फे विनंती करू लागले. तेवढ्यात मारुती उभा राहिला.

"अवो आबा, आमच्यात बुवा बी एकदा घेतलेली तान परत घेत न्हाईत. आन त्यांचं दात हलाय लागल्यात, देवाला सांगितलं न्हवं सगळ्यांनी? उगं तरास देऊ नगासा म्हाताऱ्याला."

"म्हातारो कोण?" आबा भडकले. "दात हलतत म्हणान वाजवचा नाय? माजे सगळे गेले! ह्ये बघ!" असं म्हणून त्यांनी खरोखरच दोन्ही कवळ्या काढून हातात घेतल्या आणि मारुतीच्या नाकासमोर धरल्या. "तरी मी गातंय!" हे शेवटचं वाक्य कवळीशिवाय असल्यामुळे अंदाजाने समजून घ्यावं लागलं.

मग आबा काठी टेकत स्टेजवर चढले. मिंगेलबाबांसमोर उभे राहिले, कवळ्या परत बसवल्या, डोळे मिटले आणि गायला लागले. शब्द नव्हते, नुसता आकार. मिंगेलबाबांनी पहिल्या खेपेला घेतलेली सुरुवात होती ती. घासलेल्या म्हाताऱ्या गळ्यातून, मध्येच एक जागा नाट्यपदासारखी वळवून, पण तीच. आयुष्यभर वन्स मोअरला तेच परत गाणाऱ्या माणसाच्या कानात ती पक्की बसली होती.

"असा होता," आबा म्हणाले. "आता पुढचा तुमी."

मिंगेलबाब त्यांच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "परत म्हण."

आणि इथे मला जाग आली. आबांसमोर माईकच नव्हता! मी जाग्यावरून उठलो, वसंतरावांच्या पेटीपुढचा माईक स्टँडसकट उचलला आणि धावत जाऊन आबांच्या तोंडापुढे धरला. धावताना माझी चप्पल ड्रमच्या पायाला लागली. ते रेकॉर्डवर आहे. आबांचा आवाज आधी दुरून येतो, मग 'धप्प' होतं, मग आबा एकदम कानाशी येतात. नीट ऐकणाऱ्यांनी तो धप्प माझा समजावा.

आबांनी ओळ म्हटली. मिंगेलबाबांनी ती सॅक्सवर उचलली, जशीच्या तशी, आणि तिथून पुढे गेले. आबा मध्येच परत येऊन मिळत. दोघे एकमेकांना वाट दाखवत चालले होते. मी माईक धरून स्टेजवर पुतळ्यासारखा उभा होतो, कारण हललो तर आवाज होणार. म्हणूनच मी ते अगदी जवळून पाहिलं. मिंगेलबाब सगळ्यात वरच्या सुराला गेले आणि सूर एकदम फाटला. त्यांनी डोळे मिटले. गळा एकदा हलला. एक दात गेला होता.

मला वाटलं, संपलं. त्यांची मुलगी खुर्चीवरून उठली. पण त्यांनी वाद्य तोंडातून काढलं नाही. वरचे सूर सोडून दिले, खाली आले आणि ओठांच्याच जोरावर वाजवू लागले. थोडेच सूर, त्यांत वारा जास्त. पहिल्या खेपेचा डौल त्यात नव्हता. उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर फेरीबोट हळूहळू, चाचपत धक्क्याला येते, तसे ते घरी आले.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी वन्स मोअर म्हणालं नाही. आबा एवढंच म्हणाले, "पावला."

देवाने कौल दिला, मागितलेलं मिळालं की आमच्याकडे हा शब्द म्हणतात.

त्यानंतर सगळा गाव स्टेजवर चढला आणि मोबाइलच्या उजेडात दात शोधू लागला. कुणी गालिचा उचलला, कुणी ड्रमखाली हात घातला, मारुतीने सॅक्सोफोन उलटा करून हलवला. उल्हास माईकवरून सूचना देत होते, "कोणी पाय हलवू नये!" मिंगेलबाब दोनदा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांचं कोण ऐकतंय? शेवटी पेद्रू, जो सबंध संध्याकाळ बोलला नव्हता, त्याने माईक ओढून घेतला. "सोदूं नाकात. तो गिळलो ताणें."

पुढे मुंबईच्या एका छोट्या कंपनीने रेकॉर्ड काढायचं कबूल केलं. त्यांच्या माणसाने सगळं ऐकून सांगितलं, 'फेरी' पहिल्या खेपेची घ्या, ती स्वच्छ आहे. शेवटी टाळ्या नाहीत, त्या आम्ही घालू. वसंतरावही म्हणाले, पहिलीच बरी. मलासुद्धा धंद्याच्या दृष्टीने तेच वाटत होतं. दुसरीत सूर फाटला होता, वारा होता, माझी चप्पल होती.

मिंगेलबाब म्हणाले, "पयलें बरें आसा. पूण तशें आनीक कोणूय वाजयतलो. दुसरें म्हजें."

दुसरीच घेतली, टाळ्यांशिवाय. त्यांनी हट्टाने थोड्या सीडीही काढायला लावल्या, हातात धरता यावी म्हणून. पहिली सीडी मीच कामुर्लीला नेऊन दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून आपलं नाव वाचलं, मग दूर धरून वाचलं. डोळे भरून आले होते. म्हणाले, "नांव बरें दिसता. फोटो बरो ना, तोंड बंद केलां." माझेही डोळे भरले होते, पण फोटो खरंच वाईट होता.

दुसरा दात डॉक्टरने लगेच काढला होता. वर कवळी बसली. आता मिंगेलबाबांचं वाजवणं संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो. फक्त आबा फेरीबोटीने अधूनमधून त्यांच्याकडे जात. कवळी कशी बसवायची, कुठल्या सुराला ती सुटते, तेव्हा जीभ कुठे ठेवायची, हे सगळं शिकवायला. त्या दोघांत जे बोलणं होई ते तिसऱ्याला कळत नसे.

गेल्या वर्षी मिंगेलबाबांचा फोन आला, माईक आणि हेडफोन घेऊन ये. मला वाटलं, दुसरं रेकॉर्ड. दुकानातला सगळ्यात चांगला माईक घेऊन गेलो. त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, स्टँड लावला, मशीन सुरू केलं, हेडफोन त्यांच्या कानांवर दिला. त्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला. कवळी टकटक वाजली, मग एक सूर निघाला. सूर कसला, शेजारच्या कुत्र्याने मान वर करून बघितलं. परत फुंकलं, परत तसंच. मिंगेलबाब डोळे मिटून हेडफोनमध्ये ते सगळं लक्षपूर्वक ऐकत होते, वारा कुठून निसटतोय ते शोधत होते.

मग एक डोळा उघडून त्यांनी माझ्या मशीनवरचा लाल दिवा बघितला आणि रागावले.

"तें बंद कर, गुरू. हें रेकॉर्ड करूं नाका. हांव आतां शिकतां."